कडू लागलं का?

जे पोटात जात नाही, ते माणसाने घेतलं असं इंदुरात धरलं जात नाही. सकाळचे पोहे-जिलेबी पोटात जातात, रात्री सराफा बाजारातलं चटकमटक पोटात जातं, म्हणून त्यांची नोंद राहते. औषधांनाही हाच न्याय लागू आहे. गोळी हे औषध. सायरप हेही औषध (काही घरांत पक्वान्न). डोळ्यात टाकायचे थेंब म्हणजे नुसतं धुणं, आणि तोंडाने ओढायचा पंप म्हणजे व्यसन. हे वर्गीकरण औषधशास्त्राच्या पुस्तकांत सापडत नाही. पुस्तकं अजून तिथवर पोचायची आहेत.

अन्नपूर्णा भागात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारं अप्पासाहेबांचं कुटुंब या बाबतीत आदर्श मानावं असं आहे. अप्पासाहेब निवृत्त हेडक्लार्क. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे धाडलेली कोणतीही गोष्ट पोचली की नाही, याची पोच मिळाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि बजावलं, की थेंब टाकला की डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून ठेवा, म्हणजे औषध घशात उतरणार नाही. अप्पासाहेबांनी एकदा दाबून पाहिला. घशाला काहीच लागलं नाही. अर्थात औषध पोचलं नव्हतं. त्यांनी बोट काढलं, आणखी एक थेंब टाकला, घसा कडू झाला आणि पोच मिळाली. तेव्हापासून त्या घरात थेंब टाकला की ‘कडू लागलं का?’ असं विचारायची रीत पडली. (डोळ्याला काय वाटतं, हे डोळ्याला विचारायची सोय नसते.)

सून सुहासिनी शाळेत शिकवते. तिला दमा आहे. तिचा पंप कपाटात साड्यांच्या घडीखाली असतो, कारण ‘पाहुण्यांनी बघितलं तर?’ आणि ‘एकदा लागला की सुटत नाही.’ (अप्पासाहेबांचा चष्माही चाळिशीपासून सुटलेला नाही, पण त्याबद्दल पाहुणे काही म्हणत नाहीत.) ती न्हाणीघरात दार लावून पंप ओढते. यामुळे गोपनीयता उत्तम राहिली, आणि तो कसा ओढतात हे घरात दुसऱ्या कोणीही कधी पाहिलं नाही.

यंदा रंगपंचमीला मंडळी गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला राजवाड्यावर गेली. सुहासिनीच्या डोळ्यांत गुलाल गेला. घरी येईतो डोळे लालबुंद. फ्रिजच्या दारात, हिरव्या चटणीच्या शेजारी, अप्पासाहेबांची बाटली उघडीच होती. एकाच्या डोळ्याचं औषध दुसऱ्याच्या डोळ्यात घालू नये असं म्हणतात, पण ते परक्यांसाठी. अप्पासाहेबांनी स्वतःच्या हाताने सुनेच्या डोळ्यांत थेंब टाकले. सख्ख्या भावाला त्यांनी ही बाटली कधी दिली नव्हती.

“कडू लागलं का?”

“नाही अप्पा.”

“मग अजून एक टाकतो. डोळे उघडे ठेव.”

लागलं. सगळ्यांना समाधान वाटलं.

थोड्या वेळाने सुहासिनीला धाप लागली. आधी पंखा वाढवला. मग पाणी दिलं. मग गुलालाला, गर्दीला आणि तिच्या हट्टाला दोष दिला. शेवटी तिच्या मुलीने, मितालीने, साड्या उपसून पंप आणला. नवरा विक्रांत याने तो हाती घेतला आणि लग्नात गुलाबदाणीने शिंपडतात तसा तिच्या तोंडासमोर दोनदा शिंपडला. खिडकीच्या पडद्याला बराच आराम पडला असावा. सुहासिनी बोटाने खूण करत होती, पण तिला बोलता येत नव्हतं. आरडाओरडा ऐकून मी खाली आलो तेव्हा तिचे ओठ निळसर पडले होते. मी घाबरलो. गाडी मीच काढली.

इस्पितळात तिला मास्क लावला. औषधाची वाफ सुरू झाली, तरी छाती काही मोकळी होईना. डॉक्टर बाई विचारत होत्या, “आज काय-काय दवाई घेतली?”

“कुछ नहीं मॅडम,” विक्रांत म्हणाला. “सच्ची. सकाळी पोहे, बस.”

“गोळी? काढा? काही तरी?”

“नाही हो, काहीच नाही,” मिताली म्हणाली. सगळे खरंच सांगत होते. पोटात काहीच गेलं नव्हतं.

अप्पासाहेब तिचा हात धरून बसले होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मास्कमधली वाफ बघून त्यांना राहवलं नाही. वाकून ते म्हणाले, “सुहास, कडू लागतंय का गं?”

डॉक्टर बाई वळल्या. “कडू कशाचं?”

“ते काही नाही हो. डोळ्यातलं.”

“कोणाच्या डोळ्यातलं?”

“माझ्या. म्हणजे, तिच्या. पण माझं.”

“काचबिंदूचं?” बाईंनी बाटलीचं नाव विचारलं आणि सिस्टरला हाक मारली. “अप्पाजी, ये दमे वालों को बिलकुल नहीं चलता. घशात उतरलं की रक्तात जातं आणि छाती जकडते. वरून आमची वाफही चालू देत नाही.”

उपचार बदलले. संध्याकाळी सुहासिनीने मास्क काढून चहा मागितला. अप्पासाहेबांनी कपबशी धरली, आणि चहा कपापेक्षा बशीतच जास्त गेला.

आता ते थेंब टाकून डोळ्याचा कोपरा दाबतात. पोच मिळत नसल्याने दिवसभर अस्वस्थ असतात, पण दाबतात. पंप टीव्हीशेजारी उघड्यावर ठेवलेला असतो आणि सुहासिनी तो पाहुण्यांदेखत ओढते. मात्र डोळ्यात टाकलेलं औषध छातीपर्यंत पोचतं, ही बातमी इमारतीत पसरल्यापासून दोन शेजारणी त्या जोरदार थेंबांचं नाव विचारून गेल्या आहेत.

तुम्ही हसलात, ते योग्यच आहे. आता जरा उठून तुमच्या फ्रिजचं दार उघडा. घरात कोणाचे तरी डोळे आले होते तेव्हाची ती छोटी बाटली चटणीच्या मागे उभी आहे. कोणाचे आले होते, ते तुम्हाला आठवत नाही. बाटली कधी उघडली, तेही नाही. तुम्ही ती हलवून बघाल, अर्धी आहे असं म्हणाल आणि दार लावून घ्याल. घरात एवढी माणसं आहेत, कोणाला ना कोणाला लागेलच. आणि मग डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं, तर तुम्हीही अगदी खरं सांगाल, काही नाही.