ढोलीवरचं गणित

त्या दिवशी आंगनात चौघं होतो. मी शेवंता, माही सून सुलोचना, शेजारची धुरपता आनि सर. एक बकरीबी होती, पन तिची साक्ष कोनी घेत नाही. मी दुसरीत शाळा सोडली, मनून मी सांगून राहिली आनि सुलोचना लिवून राहिली.

सुलोचना शेनमातीचा घमेला घेऊन ढोली लिपाले निंगाली होती. ढोली मंजे बांबूची विनलेली, मानसापेक्षा उंच, धान ठेवाची. नवं धान याच्या आधी तिले बाहेरून लिपा लागते, नाही तं उंदीर घुसतेत. तं सर ढोलीपुढं दोन्ही हात पसरून उभे. एका हातात चुलीतला कोळसा. मांगं ढोलीची एक बाजू सारी काळी करून ठेवलेली, आकडे आनि वाकड्या रेघा.

"खबरदार! आत्ताच लिहिलंय."

धुरपता मने, "काऊन जी सर, भूत लागलं का?"

"भूत नाही, धुरपताबाई. कृष्णविवर."

धुरपता दोन पावलं मांगं सरली. मने, "मंग तं कोंबडाच लागंल."

सर मंजे गोंदियाच्या कालेजात फिजिक्स शिकवत होते. रिटायर झाले आनि आमची पुढची खोली घेतली. एका महिन्यासाठी. बारा वर्षं झाली. मी एकदा विचारलं, महिना मनला होता ना जी? मनतेत, "वरवर बरोबर आहे, बाई. दुरुस्ती राहिली."

हेच त्याइचं बोलनं. वरनात मीठ कमी, तरी तेच. बस घंटाभर उशिरा, तरी तेच. धुरपताच्या पोरीच्या लग्नात नवरदेवाकडं पाहून तोंड उघडलं, तं मीच हात धरून त्याइले पंगतीत बसवलं.

त्याइचं काम असं. आभाळात काळं विवर रायते. त्यात पडलं ते गेलं. आत किती लपलं, त्याचा हिसाब आतल्या जागेवरून नाही, बाहेरच्या सालीवरून लागते मने. त्या लपलेल्याले त्याइचा एक शब्द आहे, एन्ट्रॉपी. त्या शब्दाले मी हात लावत नाही. मी मनलं, ढोलीचं तसं नसते जी, आत पोकळी असंल तेवढं धान. तं मनतेत, "म्हणूनच ढोली ढोली आहे आणि विवर विवर."

सालीचा हिसाब मोठ्या लोकाइनं कधीचाच लावला. सराइचं काम त्यातली बारीक दुरुस्ती. अनुरेनूचा घोळ धरला का हिसाब एवढासा हालते. तो किती हालते, याच्यात त्याइचे केस गेले.

त्याच सकाळी, ढोली काळी होयाच्या आधी, मी विचारलं होतं, "एवढ्याशासाठी कायले जीव टाकता जी?"

"बाई, विवर हळूहळू आटत जातं. शेवटी काही उरतं की नाही, ते या एवढ्याशावर आहे."

मी मनलं, "मंग ते आमाले माहीत आहे. ढोली भरली रायली तं एक मूठ कोन पायते? तळ लागला का ती मूठच सारं. मनून आमी तळाची मूठ काढत नाही."

सराइनं हातातला चहा बकरीपुढं ठेवला आनि चुलीतून कोळसा उचलला.

ती बाजू मंग लिपलीच नाही. उंदराइले दरवाजा झाला.

दुसऱ्या वर्षी माहा पोरगा तापानं गेला. त्याच हंगामात धानाले तुडतुडा लागला, बांधीतलं धान उभ्यानं वाळलं. राशनच्या मशीनवर माहा आंगठा उमटेना. चिखलात धानाचं रोवनं करू करू बोटं घासली. मशीन मने, तू नाहीस. मी मशीनशी भांडली नाही. सुलोचनाचं नाव अजून माहेरच्या कार्डात.

गावचे लोक येऊन धीर देऊन गेले. सर ओसरीत नुसते उभे. मी मनलं, "सर, आता काही नाही राहिलं."

तं मनतेत, "वरवर बरोबर आहे, बाई. दुरुस्ती राहिली."

धुरपता मने, हाकल वो या मानसाले. माह्या मनातबी तेच आलं.

चैतात ढोलीचा तळ लागला. मी आनि सुलोचना रोज पहाटे मोहफुलं येचाले जात होतो. एक दिवस तळाची मूठबी काढाची वेळ आली. सुलोचना आत वाकली आनि तशीच राहिली.

"आत्या, ढोलीत तांदूळ कसा?"

धान नाही, तांदूळ. सोललेला, पांढरा, दुकानातला. आमी मोहाकडं गेलो का सर रोज एक मूठ टाकत होते. एवढा शिकला मानूस, धानाच्या ढोलीत तांदूळ रायत नाही हे माहीत नाही. अर्धा उंदराइनं खाल्ला होता, त्याइच्याच गणिताच्या बाजूनं घुसून.

सुलोचनाले मनलं, सराइले काही बोलू नको. भात शिजवला, पयलं ताट सराइले देल्लं. मनतेत, "वरवर बरोबर आहे." आनि ताटाकडं पायत बसले. मी मीठ नेऊन ठेवलं.

आता माहा आंगठा उमटते, बांधीत धानबी उभं आहे. सराइचे डोळे मात्र गेल्यातच जमा. गणित कागदावर उतरवून तवाच मोठमोठ्या ठिकानी धाडलं होतं. एक जबाब नाही. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावर घिरट्या घालते, तं मान वर करतेत, जसं कोनी त्याइलेच भेटाले उतरनार आहे. डाकवाला गेला का विचारतेत, "बाई, कोणी आलं होतं?"

परवा सुलोचनानं शेनमाती कालवली. मी ढोलीपुढं वाट पायत उभी, का सर हात पसरतीन. तं मनतेत, "लिपून टाका, बाई. आता कोणी पाहणार नाही."

ना वरवर, ना दुरुस्ती. बारा वर्षांत पयल्यांदा.

मी मनलं, "वरवर बरोबर आहे, सर. दुरुस्ती राहिली." घमेला उचलून परत नेला, ती बाजू तशीच ठेवली.

तं वाचनाऱ्याले एवढंच मागनं. तुमच्यात कोनी हे गणित जाननारं असंल, तं नवं धान घरात याच्या आधी या. बिरसीच्या शिवेवर विचारा, अर्धी लिपलेली ढोली कोनाची, कोनीबी सांगंल. चुकलं असंल तं चुकलं मना, त्याइले चालते. पन त्याइच्यासमोर उभं राहून, पयल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत वाचा. जेवूनच जा.