कारकुनाचं ऐकू नका!

आमच्या पारनेरच्या शाळेतले चित्रकलेचे योहानमास्तर सकाळी आम्हा बाकीच्या शिक्षकांना नमस्कार करत नसत. थेट तोंडासमोर येऊन विचारत, "रात्री काय पाहिलंत?" स्वप्न सांगितलं की त्यांच्या स्टोव्हवरचा चहा मिळे. स्वप्न नाही, तर चहाही नाही.

नगरच्या एका म्हाताऱ्या पाद्र्यानं त्यांना पुस्तकांचे दोन गठ्ठे दिले होते. एकात चर्चनं पाखंडी ठरवलेले जुने ज्ञानपंथी, दुसऱ्यात स्वप्नांवरून मनाच्या तळघरात उतरणारे डॉक्टर.

"दोघं एकच सांगतात, सर! हे जग मोठ्या साहेबानं केलेलं नाही. हाताखालच्या कारकुनानं केलंय, आणि तो स्वतःलाच साहेब समजतो. आपल्या डोक्यात 'मी, मी' करणारा तोच! खरा उजेड तळाशी. तिथली चिठ्ठी येते ती स्वप्नात. कारकुनाचं ऐकू नका!"

बहात्तरच्या दुष्काळात कोरडं आभाळ बघताना कारकुनाची गोष्ट पटायचीही.

मला मेलं स्वप्नच पडत नसे. चहा मात्र लागे. मग मी रचू लागलो. एका सकाळी थाप फारच रंगली. "आपली शाळेची कोरडी विहीर. तळाशी दिवा. दिव्यापाशी एक बाई, वर बघून हाक मारतेय."

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "कोणाला?"

"नीट ऐकू नाही आलं," म्हणत मी दुसरा कप मागितला.

मधल्या सुट्टीत सखाराम शिपाई धापा टाकत आला. "सर, पळा! योहानमास्तर हिरीत उतरल्यात. दोर लई जुना हाय!"

काठावरून पाहिलं, तर खोल खाली मास्तरांचं टक्कल. दोराचा एक पीळ सुटलेला.

"मास्तर, वर या! थाप होती! चहासाठी मारली!"

दोर ताठ झाला. आम्ही दोघं ओढू लागलो. माझ्या तळहाताची सालटी निघाली. दुसरा पीळ तटकन तुटला. सखारामनं डोळेच मिटले. आधी बोटं आली, मग कोपर, मग मास्तर.

आता थोबाडीत बसणार म्हणून मी गाल तयार ठेवला. मास्तर धूळ झटकत राहिले.

"थाप आहे हे सकाळीच कळलं होतं. माझी बायको रूथ गेल्यापासून मला स्वप्न पडत नाही, सर. म्हणून लोकांना विचारत फिरतो. ती माझ्याकडे येत नाही, निदान दुसऱ्या कुणाकडे येत असेल."

"पण खोटं ठाऊक असून उतरलात?"

"थाप तुमच्या डोक्यातल्या कारकुनानं मारली. पण बाई त्याला कुठून सुचली?" ते जवळ सरकले. "तिच्या केसांत अबोली होती का हो?"

जन्मात पहिल्यांदाच मला थाप सुचेना.