भोरड्या उडवल्या ताईबाईंनी

करुणाने लोकांना पक्षी दाखवायला बोलावलं ते पहिल्यांदाच, आणि नेमक्या त्याच रविवारी तिच्या सासूबाई, ताईबाई, याही निघाल्या. बारामतीत कालव्याकाठी झाडांचं एक रान राखलेलं आहे. तिथला आजचा फेरफटका जमला तर माणसं दर रविवारी येणार होती, फसला तर करुणाची हौस घरातच राहणार होती.

"आत्याबाई, तिथं बोलायचं नाही हं."

"मी कवा बोलती?" ताईबाई म्हणाल्या आणि पळसापर्यंत बोलत गेल्या.

फुललेल्या पळसावर शेकडो भोरड्या, ज्वारीवर थव्याने पडणारी ती गुलाबी-काळी पाखरं, बसलेल्या. माणसं श्वास रोखून उभी. अनुप नावाचे बँकेतले साहेब उकिडवे बसून कॅमेरा लावत होते. ताईबाईंनी वर पाहिलं. त्यांचा जन्म ज्वारी राखण्यात गेलेला. भोरड्या दिसल्या की डोक्याला न विचारता त्यांचा गळाच कामाला लागतो.

"हाऽऽ हुऽऽ! हाऽऽऽ!"

पळस रिकामा झाला. अनुपसाहेब दचकून चिखलात बसले. करुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

थव्याने आभाळात एक गिरकी घेतली आणि तो उतरला थेट शेजारच्या सर्जेरावांच्या कापणीला आलेल्या ज्वारीत. सर्जेराव काठी घेऊनच आले.

"कुनी उठवली पाखरं? माझंच रान घावलं व्हय?"

"मी उठवली," ताईबाई पदर खोचत म्हणाल्या. "माझ्यावर कशाला वरडताय? तिकडं ज्वारीकडं तोंड करून वरडा. आन् तुमी समदी बघत काय ऱ्हायलाय? चला!"

मग मघापासून कुजबुजसुद्धा न करणारी ती शहाणी माणसं बोंबलत बांधावरून धावली. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी नाश्त्याचा डबा बडवला. अनुपसाहेबांनी चिखलाचा शर्ट काढून गरगर फिरवला. भोरड्या उठल्या त्या डोक्यांवरूनच. गुलाबी पोटं हाताला लागतील इतक्या खालून गेल्या. बसल्या, पुन्हा उठवल्या.

ऊन चढलं तेव्हा सगळ्यांचे घसे बसले होते आणि घरी जायचं नाव कुणी काढत नव्हतं.

सर्जेरावांनी हात जोडले. "लई उपकार झालं, मावशी. राखनीला मानूस मिळत न्हाय. आता कापनी हुईस्तवर रोज या."

"रोज न्हाय जमायचं. आमच्या सूनबाईचा कार्यक्रम रविवारचा असतो," ताईबाई ऐटीत म्हणाल्या.

"येणार, येणार!" बसक्या आवाजात अनुपसाहेब ओरडले.

करुणा पाया पडायला वाकली.

"माझ्या कशाला पडतीस? त्यांच्या पड," म्हणत ताईबाईंनीच आभाळाकडे हात जोडले. "जन्मभर हाकललं गं बायांनो तुमाला. तुमीच आज पोरीची लाज राखली."

तेवढ्यात दोन भोरड्या हळूच परत कणसावर उतरल्या. ताईबाईंनी पाहिलं, सर्जेरावांना पाठमोरं वळवलं आणि कापणी कधी धरताय म्हणून चौकशी लांबवली.