जिव्हाळा नसल्याचा पुरावा

करकायदा मी कोळून प्यायलोय! कुत्र्याचं खाणं मी 'गोदामाची सुरक्षा' म्हणून खर्चात बसवलंय. मग सोबतीचा खर्च बसवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

मी लिफ्ट विकतो. बिल्डर मंडळींना सौद्याआधी "वहिनींना घेऊन जेवायला या" म्हणायची भारी हौस. त्यांच्या वहिनी मला केव्हाच सोडून गेल्या. मागे उरला मेहुणा, तो अजून माझे हिशेब लिहितो. शेवटी एका एजन्सीतून मी सोबतीला बाई बोलावू लागलो. रोख पैसे, रीतसर बिल. भलतंसलतं काही नाही! ती शेजारी बसायची, 'अहो' म्हणायची, माझ्या शिळ्या विनोदांना हसायची. पुढे रविवारीही येऊ लागली. मला ताप आला तेव्हा तर सूप घेऊन आली. आता तुम्हीच सांगा, हे काय नुसत्या पैशांसाठी असतं?

खर्च धंद्यात दाखवला आणि करखात्याचं बोलावणं आलं!

अधिकारी बाईंना सडकून सर्दी झाली होती. "जिव्हाळा असेल तर हा खाजगी खर्च," त्या शिंकत म्हणाल्या. "सूट नाही, वर दंड. निव्वळ व्यवहार असेल तर पूर्ण सूट. त्या बाईंना घेऊन या."

माझं धाबं दणाणलं. बाहेर येऊन मी मेहुण्याला म्हणालो, "तिला खोटं कसं बोलवेल रे? जीव जडलाय तिचा माझ्यावर!"

"भाऊजी, ताईबद्दलही तुम्ही हेच म्हणायचात," मेहुणा म्हणाला.

मी तिला पढवलं. "मन घट्ट कर. माझ्याबद्दल काही वाटत नाही असं ठणकावून सांग." ती "बरं, सर" म्हणाली. आवाज कापरा होता. म्हणजे, मला तरी वाटला.

"रविवारी तर कुणी ग्राहक नसायचा?" अधिकारी बाईंनी सुरुवात केली.

"ती तालीम, मॅडम. सरांना चारचौघांत नवऱ्यासारखं बसताच येत नाही."

"आणि ताप आला तेव्हा?"

"आजारपणाचा दर वेगळा. सूप वेगळं लावलंय."

"तुम्ही यांना 'अहो' म्हणता?"

"त्याचेही वेगळे पैसे. सरांनी महिन्याचं पॅकेज घेतलंय."

सगळं बिलात होतं. मी वाचलं नव्हतं. आपल्या माणसाचं बिल कोण वाचतं हो?

"यांच्याबद्दल कधीच काही वाटलं नाही?"

ती विचारात पडली. मनापासून आठवू लागली, आणि तेच मला फार लागलं.

"एकदा कीव आली होती. पण तेव्हा माझी वेळ संपली होती. त्यामुळे ती बिलात नाही."

अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि शिक्का मारला. पूर्ण सूट! वर म्हणाल्या, "इतकी स्वच्छ केस आजवर पाहिली नाही."

मेहुण्याने माझ्या पाठीवर थाप मारली. माझी आशा मात्र सुटेना! बाहेर जिन्यात तिला गाठून मी हळूच म्हणालो, "काय झकास अभिनय केलास गं!"

ती पर्समधून बिलबुक काढत होती. थांबली.

"अभिनयाचं काही ठरलं नव्हतं आपलं, सर. तुम्ही नुसतं सांगायला सांगितलं होतंत."