सहावा तुकडा

आमच्या माधवनगरात शेजारच्या चौगुले सरांना नुसतं "बरं हाय का?" विचारायची सोय नाही. खिशातून खडू निघतो आणि तुमच्याच पायरीवर एक्स-वाय सुरू. रिटायर झाले तरी माणूस शाळेतच आहे.

दूधवाल्याला म्हणतात, "गुणाकार बारा, बेरीज सात. दोन आकडे सांग, मग पातेलं पुढं करतो."

"आवं सर, दूध नासंल की!"

"तीन नि चार म्हण. न्हाई नासत."

मी तिसरी पास. जन्म कापडाच्या मागावर गेला. मला ते येडेच वाटायचे, आणि मी तसं तोंडावर म्हणायचो बी.

मग माझी बायको शेवंता गेली. तिनं शिवायला घेतलेली वाकळ अर्धी राहिली. जुन्या लुगड्यांचे तुकडे कापून ठेवले होते: एक मोठा चौकोन, त्याच्याच लांबीच्या पाच पट्ट्या, पट्टीच्या रुंदीचे पाच बारके चौकोन. कसंबी मांडा, कड सरळ येईना. सून म्हणाली, "मामा, एकदोन तुकडे काढून टाकू."

"तिनं कापलेलं काय बी टाकायचं न्हाई!" मी वरडलो.

वरडणं ऐकून सर आले. तुकड्यांत मांडी घालून बसले.

"मोठ्याची बाजू एक्स. पट्टीची रुंदी वाय. पट्ट्या पाच, म्हणून बेरीज पाच. बारके पाच, म्हणून गुणाकार पाच. असे दोन पुरे आकडेच न्हाईत, शामराव."

"म्हंजे तिचं चुकलं?"

"वैनींचं? छ्या! एक बारका कापायचा राहिलाय. सहा धर. दोन नि तीन!"

सरांनी मोठ्याच्या एका अंगाला दोन पट्ट्या मांडल्या, दुसऱ्या अंगाला तीन, कोपऱ्यात बारके. काठाला काठ भिडला. एका तुकड्याएवढी फरशी तेवढी उघडी. ती कधी बोलली नाही, ते तिच्या मनातलं ह्या माणसानं आकड्यांवरनं ओळखलं होतं.

सर म्हणाले, "वैनींनी शाळेचं तोंड न बघता हे जुळवलं, गड्या! पोरांना हे शिकवता शिकवता माझे केस पिकले."

पण सहावा आणायचा कुठून? वाकळेला अंगावर वापरलेलंच कापड लागतं, आणि तिची बाकीची लुगडी रीतीप्रमाणं वाटून झालेली.

सर उठून घरी गेले. आले ते घडीचं हिरवं लुगडं घेऊन. डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्यांच्या मंडळींचं. बाई जाऊन बारा वर्षं झाली; सरांच्या तोंडून त्यांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"काप," म्हणाले. "पदर तेवढा राखून काप रं."