सोपानतात्यांचे आरोपी

आमच्या वरकुट्यात सकाळी कोंबड्याच्या आधी सोपानतात्यांचा पुकारा ऐकू येई. "कावळे, साळुंक्या, सातभाई, होला... हाजीर होऽऽ!" तात्या इंदापूरच्या कोर्टात पट्टेवाले होते. नोकरीभर त्यांनी पक्षकारांना असंच हाकारलं, आणि निवृत्तीनंतर गळा रिकामा ठेवणं काही त्यांना जमलं नाही. पुकारा झाला की अंगणातल्या फुटक्या परातीत तांदळाची कणी पडे, आणि वळचणीला टांगलेल्या बाजरीच्या कणसांवर आरोपी उतरत.

आरोपी हा तात्यांचाच शब्द. चिमण्या-पोपटांचं कौतुक सगळेच करतात. तात्यांकडे मान होता तो बदनाम पाखरांना. "गुन्हा शाबीत करा, मग हाकला," हे त्यांचं पालुपद.

मी गावातल्या शाळेत मास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचो. सातभाईंच्या कलकलाटाने रविवारची झोप मोडली म्हणून एकदा कुरकुरलो. तात्या म्हणाले, "मास्तर, ती भांडत न्हाईत. सात जण एका घरात ऱ्हायचं म्हंजे बोलावं लागतंय. तुमच्यात दोन भाव तरी बोलत्यात का?" माझे वडील आणि चुलते तर बांधावरून अबोला धरून होते. पुढे कावळ्याने माझा नवाकोरा साबण पळवला. तात्यांनी साक्षीदार मागितला. तो मी कुठून आणू? तरी संध्याकाळी स्वतःचा साबण माझ्या न्हाणीच्या दगडावर ठेवून गेले. "आरोपी गरीब हाय. दंड आमी भरला."

सगळ्यात मोठा आरोपी होला. कबुतराहून लहान, मातकट रंगाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा पक्षी. पण तो घुमला की घर ओस पडतं, अशी आमच्याकडे समजूत. तात्यांची बायको पारूबाई गेली तेव्हाही गावाने होल्यालाच बोल लावला होता. घरात आता तात्या आणि त्यांची मुलगी मंदा, दोघंच.

मंदाला बघायला डाळजहून पाहुणे यायचे ठरले. एका लग्नात मंदाने आणि मुलाने एकमेकांना पाहिलं होतं आणि मुलगा मंदाच्या मनात भरला होता. त्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "तात्या, आजच्या दिवस कणसं काढून ठेवा."

"तारखेला आरोपी गैरहजर ठेवू व्हय?"

आता या माणसापुढे किती डोकं फोडायचं?

पाहुणे बसले, पोहे आले, आणि होला घुमला. मुलाच्या आजीने बशी खाली ठेवली.

"हितं ह्ये रोज घुमतंय? म्हनूनच ह्या घरात बाई टिकली न्हाय."

दाराशी उभ्या असलेल्या मंदाचा चेहरा उतरला. मुलाचे वडील आपल्या चपलांकडे बघू लागले. मी मनात म्हटलं, झालं, आता तात्या शाबिती मागणार आणि जमत आलेलं लग्न मोडणार.

तात्यांनी ती मागितली नाही. खालच्या आवाजात म्हणाले, "आजी, तिला टीबी झालता. अंगणात बाजंवर पडून आसायची. लोकं रस्ता बदलून जायची. तिची सख्खी भन काट्याच्या कुपाटीभाईरनं बोलायची. ह्यो होला मातर रोज बाजंच्या काठावर यून बसायचा. ती भाकरीचा चुरा टाकायची, त्यो खायाचा. तिच्या हातचं खानारा तेवढाच ऱ्हायला हुता. त्याला मी कसा हाकलू?"

इतकी वर्षं शेजारी राहून हे मला ठाऊक नव्हतं.

आजीने विचारलं, "आन पोरगी गेल्याव तुमच्याजवळ कोन?"

तात्या हसायला गेले, पण ते काही जमलं नाही. त्यांची नजर अंगणात परातीकडे गेली आणि तिथेच राहिली.

आजीने बशी पुन्हा उचलली. एक घास खाल्ला आणि मुलाला म्हणाली, "पोरगी आपल्याला पसंत हाय. पर दर सणाला तिला म्हायारी धाडायची. आत्ता सगळ्यांम्होरं कबूल कर."

त्याने मान डोलावली. तात्या एकदम उठले आणि पाहुण्यांना पाणी आणतो म्हणून आत गेले. पाण्याचे तांबे पाहुण्यांसमोर भरलेलेच होते.