जमादाराचा नवा कळप

आबारावांचा जमादार कुत्रा त्या हिवाळ्यात इतका सुटला, की बसला की उठता उठेना. दोष त्याचा नव्हता. आबारावांच्या बायकोनं, आसराबाईंनी, त्याला बाळंतिणीचा खुराक लावला होता. तुपात कुस्करलेली बाजरीची भाकरी, वर मेथीचा लाडू, आणि अंगात आबारावांचं जुनं स्वेटर. साऱ्या मस्तगड भागात इतकी ऊब कुणाच्याच नशिबी नव्हती.

त्यात निरोप आला. आसराबाईंचा धाकटा भाऊ मल्हारी धावडा गावी मेंढरं राखायचा. जमादार मूळचा त्याचा. पाय मोडला म्हणून बहिणीकडे आणलेला आणि लळा लागला म्हणून राहिलेला. 'रविवारी येतोय. कुत्रं आळशी झालं असंल तर माघारी नेईन,' असं त्यानं कळवलं होतं.

आसराबाईंना रडूच फुटलं. "अवो, पळवा की त्याला जरा!"

"मी? मलाच जिना चढताना धाप लागते!"

पण गेले बिचारे. सकाळच्या कडाक्याच्या थंडीत मैदानावर जमादार ऐसपैस बसून राहिला. पळायचं कसं हे दाखवायला आबाराव स्वतः पळाले आणि अर्ध्या फेरीतच दगडावर टेकले. तेव्हा कुठे जमादार उठला. मान खाली घालून मागून आला आणि त्यानं आबारावांच्या पायजम्याचं टोक अलगद दातात धरलं. आबाराव ताडकन उठले. घराकडे वळले, तर हा आडवा!

"तातेराव, धरा हो याला!"

कानटोपी घालून फिरायला आलेले शेजारी तातेराव मदतीला धावले आणि तेही फेरीत अडकले. त्यांना हसायला जो थांबला तोही आत ओढला गेला. खरं सांगायचं तर डोळ्यांचं पारणं फिटावं असं काम होतं ते. भुंकणं नाही, चावणं नाही. नुसतं एका बाजूनं दोन ढांगा टाकायच्या, की दहा माणसं गुमान दुसरीकडे वळत. या जनावराला खुराक नको होता, काम हवं होतं.

रोज सकाळी हेच चाललं. रविवारपर्यंत जमादाराचं पोट आत गेलं, स्वेटर लोंबायला लागलं. मल्हारी थेट मैदानावरच आला आणि बघतच राहिला.

"बघ मल्हारी, हाय का आळशी?" आसराबाई हरखून म्हणाल्या.

"आक्का, असं गुणी जनावर इथं मान्सं वळायला ठिवता? बिलकुल न्हाई! मी घेऊनच जातो."

आसराबाईंचा चेहरा पडला. मल्हारीनं जमादाराच्या गळ्यात दोर अडकवला आणि तो चालू लागला.

मैदानाच्या कडेपर्यंत जमादार मुकाट गेला. तिथं त्यानं मागं वळून घोळका पाहिला. मग मल्हारीकडे पाहिलं. कळप सोडून एकटाच निघालेला! एका हिसक्यात दोर सुटला आणि जमादार मान खाली घालून मल्हारीसमोर उभा ठाकला.

"आरं, मी हाय! मालक हाय मी तुझा!"

जमादारानं दोन ढांगा टाकल्या. जन्मभर हे काम मल्हारीनं मागून पाहिलं होतं, आज पहिल्यांदाच पुढून पाहिलं. फेटा सावरत तो पळतच घोळक्यात आला.

"मधी ये, मधी," आबाराव सरकून जागा देत म्हणाले. "कडंला ऱ्हायलं की धोतर धरतो."

"दाजी, ऱ्हाऊ द्या त्याला तुमच्यापाशीच," मल्हारी धापा टाकत म्हणाला. "पण मला आज धावड्याला जायचं हाय, एवढं सांगा की त्याला कुणीतरी!"